खाणपट्ट्यातले पाणी, कुळागरातले गवत आणि रेड्यांचे खनिज मिश्रण

डिचोलीकर (प्रश्न)

नमस्कार. डिचोली तालुक्यात जुन्या खाणीच्या पायथ्याशी आमचे घर आहे, घराला लागून सुपारी-नारळाचे कुळागर आणि त्याखाली भाताची शेती. गोठ्यात दोन दुभत्या म्हशींखेरीज मांसासाठी वाढवायला घेतलेले सात रेडे आहेत. त्यांचे वय दीड वर्षाच्या आसपास असून छातीच्या घेराच्या फितीने वजन अडीचशे किलोच्या जवळपास भरते. खाणे असे : भाताचा पेंढा, संकरित नेपियर, पावसाळ्यात कुळागरात कापलेले गवत आणि दोन वेळा मिळून दीड किलो पेंड व कोंडा. पाणी बोअरवेलचे. टाकीच्या आतल्या बाजूला विटकरी थर धरतो आणि पाणी रात्रभर ठेवले की तळाशी गाळ बसतो.

गेल्या पावसाळ्यापासून चार रेड्यांचे काळे केस तांबूस पडू लागले आहेत, दोघांच्या डोळ्यांभोवती फिकट कडे दिसते, एकाचे शेण सतत पातळ असते आणि खाणे नीट असूनही अंगावर मांस धरत नाही. दुकानदाराने तीन वस्तू पुढे ठेवल्या : साधे खनिज मिश्रण, चाटायची लाल वीट आणि ‘चिलेटेड’ म्हणून मिळणारे महाग मिश्रण. शिवाय तांब्याची कमतरता आहे असे सांगून पोटात सोडायची तांब्याची मोठी गोळी देण्याचाही सल्ला दिला. हे सर्व एकत्र चालते का, मात्रा किती असावी आणि पैसे नेमके कशावर खर्च करावेत, हे जाणकारांनी कृपया सांगावे. याच गोठ्यात चार शेळ्याही आहेत. त्यांना हेच मिश्रण दिले तर चालेल का?

पेडणेकर

आमच्याकडे साधे खनिज मिश्रण रोज मूठभर पेंडीत घालतो आणि वीटही टांगलेली असते. जनावरे तुकतुकीत आहेत. केस तांबडे झाले असतील तर मिश्रण दुप्पट करून महिनाभर पाहावे. खनिज जास्त झाले तर शेणावाटे निघून जाते, असे आमच्या वडिलांपासून ऐकत आलो आहे.

निवृत्त पशुवैद्य, फोंडा

पेडणेकरभाऊ, कॅल्शियमच्या बाबतीत तुमचे म्हणणे बऱ्याच अंशी खरे ठरेल, तांब्याच्या बाबतीत मात्र ते धोक्याचे आहे. गरजेपेक्षा जास्त आलेले तांबे जनावर यकृतात साठवत राहते. आठवडे, कधी महिने बाहेरून काहीच दिसत नाही. मग प्रवास, उपासमार किंवा ताप यांसारखे निमित्त झाले की साठा एकदम रक्तात उतरतो, रक्तपेशी फुटतात, लघवी कॉफीसारखी होते, डोळे पिवळे पडतात आणि बहुधा जनावर हाती लागत नाही. म्हणून डिचोलीकर, दुप्पट मात्रा आणि तांब्याची गोळी या दोन्ही गोष्टी तूर्त बाजूला ठेवाव्यात.

आता हिशेब करू, कारण या विषयात पाकिटावरच्या चित्रापेक्षा हिशेबच जास्त सांगतो. अडीचशे किलोचा रेडा दिवसाला साधारण सहा किलो कोरडा आहार खातो; म्हणजे चाऱ्यातले पाणी वजा करून उरणारे वजन. मांसासाठी वाढवायच्या गोवंशासाठी अमेरिकेतील राष्ट्रीय अकादमीने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या तक्त्यात दर किलो कोरड्या आहारामागे तांबे १० मिलिग्रॅम, जस्त ३० मिलिग्रॅम, वाढत्या जनावरांसाठी मँगनीज २० मिलिग्रॅम, लोह ५० मिलिग्रॅम, आयोडीन ०.५ मिलिग्रॅम आणि सेलेनियम ०.१ मिलिग्रॅम अशी गरज धरली आहे. तो तक्ता गायीबैलांचा आहे, रेड्यांचा नाही. तरीही अंदाजासाठी तो पुरेसा आहे. त्यानुसार आपल्या रेड्याला दिवसाला ६० मिलिग्रॅम तांबे, १८० मिलिग्रॅम जस्त आणि १२० मिलिग्रॅम मँगनीज लागते.

भारतीय मानक १६६४ प्रमाणे बनवलेल्या खनिज मिश्रणाच्या बिनमिठाच्या प्रकारात तांबे किमान ०.१ टक्का, जस्त ०.८ टक्का, मँगनीज ०.१२ टक्का आणि लोह ०.४ टक्का असते. कालवडी आणि वाढत्या जनावरांना दिवसाला ५० ग्रॅम ही नेहमीची शिफारस धरली, तर त्यातून ५० मिलिग्रॅम तांबे, ४०० मिलिग्रॅम जस्त, ६० मिलिग्रॅम मँगनीज आणि २०० मिलिग्रॅम लोह मिळते. म्हणजे जस्ताची पूर्ण गरज एकट्या मिश्रणातूनच दुपटीहून अधिक भागते. तांब्याची जवळजवळ सगळी भागते आणि उरलेले पेंडीतून व कोंड्यातून सहज येते. मँगनीज भाताच्या पेंढ्यात मुबलक असते, कारण पाण्याखालच्या खाचरात ते विरघळून रोपात भरपूर शोषले जाते. तेव्हा कागदावर साध्या मिश्रणाने आपले काम व्हायला हवे. ते होत नसेल तर शोध वेगळ्या दिशेने घ्यावा लागेल, आणि मला आपल्या वर्णनात तीन दिशा दिसतात.

पहिली दिशा लोहाची. टाकीला धरणारा विटकरी थर म्हणजे पाण्यातले विरघळलेले लोह हवेशी संयोग होऊन खाली बसलेले. समजा पाण्यात लिटरमागे ५ मिलिग्रॅम लोह आहे आणि रेडा दिवसाला ३० लिटर पाणी पितो, तर १५० मिलिग्रॅम लोह फक्त पाण्यातून गेले. हा आकडा एरवी मोठा वाटणार नाही. परंतु पाण्यात विरघळलेले लोह आहारातल्या गंजासारख्या लोहापेक्षा फार सहज लागू पडते, आणि त्यात चाऱ्याला चिकटलेली माती मिळवायची असते. आपल्या जांभ्या जमिनीच्या मातीत दहा टक्के लोह धरले, तरी दिवसाकाठी शंभर ग्रॅम माती पोटात गेल्यास दहा हजार मिलिग्रॅम लोह जाते. त्यातले बहुतेक न विरघळणारे असते हे खरे. पण गायीगुरांसाठी सहनशक्तीची मर्यादा दर किलो आहारामागे ५०० मिलिग्रॅम मानली जाते, त्यामुळे दिवसाकाठच्या या दहा हजारांकडे दुर्लक्ष करता येत नाही. पोटातल्या गंधकाशी लोहाचा संयोग होतो, तो संयोग पुढे चौथ्या पोटातल्या आम्लात सुटतो आणि सुटलेला सल्फाइड तांब्याला धरून ठेवतो. अशा वेळी आहारात तांबे पुरेसे असूनही जनावर कमतरतेचे दिसू शकते.

परदेशी पुस्तकांत याच जागी मॉलिब्डेनम या दुसऱ्या खनिजाचे नाव आधी येते. गंधक व मॉलिब्डेनम मिळून पोटात थायोमॉलिब्डेट तयार करतात आणि ते तांबे निकामी करतात, म्हणून आहारात तांब्याचे प्रमाण मॉलिब्डेनमच्या किमान दुप्पट ठेवावे असे सांगतात. आपल्याकडे जमीन आम्लधर्मी असल्यामुळे मॉलिब्डेनम रोपाला कमी लागू होते, तेव्हा माझ्या मते गोव्यात संशय प्रथम लोहावर घ्यावा. वर्षानुवर्षे चुना टाकलेल्या शेतातला चारा असेल तर मात्र मॉलिब्डेनमही तपासून पाहणे योग्य.

दुसरी दिशा कृमींची. भाताच्या खाचरात आणि ओहोळाच्या काठी गोगलगायी असतात, त्यांतून यकृतातले चपटे कृमी म्हशींना लागतात. या कृमींमुळे रक्त कमी होते, यकृत खराब होते आणि तांब्याचा साठा तर यकृतातच असतो. पातळ शेण, खडबडीत केस, न धरणारे मांस ही लक्षणे यातूनही येतात, म्हणून खनिजाची चर्चा करण्याआधी चार रेड्यांचे शेण दवाखान्यात तपासून घ्यावे. हा खर्च कोणत्याही पाकिटापेक्षा कमी आहे. गोचीड-ताप आणि थायलेरिया या गोचिडींमधून पसरणाऱ्या रक्ताच्या रोगांमुळेही रक्त कमी होते, तेव्हा गोचिडीही पाहाव्यात.

तिसरी दिशा जातीची. आपले रेडे सुरती किंवा सुरतीच्या संकराचे असतील तर त्यांचा रंग मुळातच तांबूस-करडा असतो. मुऱ्हा जातीच्या रेड्याचे काळे केस तांबडे पडले तर ती लक्षण म्हणून गांभीर्याने घ्यायची गोष्ट आहे. कृपया जात कळवा. डोळ्यांभोवतीचे फिकट कडे मला अधिक बोलके वाटते, कारण तांब्याच्या कमतरतेत तेथील केसांचा रंग आधी जातो.

शेळ्यांबद्दल थोडक्यात : मेंढी तांब्याला फार नाजूक असते, शेळी तितकी नाही. तरी रेड्याच्या मापाने शेळीला मिश्रण घालू नये आणि रेड्यांची वीट त्यांच्या आवाक्यात टांगू नये.

कुळागर, सावईवेरे

डॉक्टरांच्या म्हणण्यात एक गोष्ट जोडावीशी वाटते, कारण ती फक्त आमच्यासारख्यांच्या घरात घडते. डिचोलीकर, सुपारीवर बोर्डो मिश्रणाची, म्हणजे मोरचूद आणि चुन्याच्या बुरशीनाशकाची, फवारणी करता का? सुपारीची फळे कुजवणाऱ्या कोळेरोगासाठी आम्ही पाऊस सुरू होण्याच्या तोंडावर एक आणि पुढे सुमारे दीड महिन्याने दुसरी फवारणी करतो. झाडाच्या शेंड्यावर मारलेले द्रावण निम्मे तरी खाली ओघळते, आणि दुसऱ्या दिवशी आळ्यांतल्या गवतावर निळसर ठिपके उन्हात स्पष्ट दिसतात. तेच गवत विळ्याने कापून गोठ्यात जाते. एक टक्क्याच्या मिश्रणात शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद असतो, आणि मोरचुदात साधारण चतुर्थांश तांबे, म्हणजे एक लिटर द्रावणात अडीच ग्रॅम तांबे झाले. एका रेड्याच्या दिवसभराच्या गवतावर शंभर मिलिलिटर द्रावण पडले असे धरले तरी २५० मिलिग्रॅम तांबे गेले. डॉक्टर, आपण सांगितलेली गरज ६० मिलिग्रॅम आहे. तेव्हा आमच्यासारख्यांना तांब्याची कमतरता कशी होईल, हा माझा प्रश्न आहे.

निवृत्त पशुवैद्य, फोंडा

तुमचा मुद्दा अगदी महत्त्वाचा आहे. कुळागर हा शब्द वाचताच तो मी पहिल्याच उत्तरात घ्यायला हवा होता असे कोणी म्हटले तर हरकत नाही. २५० मिलिग्रॅमला सहा किलो आहाराने भागले तर किलोमागे सुमारे ४२ मिलिग्रॅम येतात, आणि गायीगुरांसाठी तांब्याची सहनशक्तीची मर्यादा ४० मिलिग्रॅम मानतात. म्हणजे तेवढ्या गवतानेच मर्यादा गाठली. पेंड आणि मिश्रण अजून मोजलेलेच नाही. पुढचा पाऊस जोराचा झाला तर बरेचसे धुऊन जाते, म्हणून हे प्रमाण प्रत्येक आठवड्याला वेगळे असते आणि केवळ अंदाजावर काही ठरवता येत नाही.

यामुळेच मी गोळीला विरोध केला तो अधिक ठाम होतो. तांब्याच्या ऑक्साइडच्या काड्या असलेली गोळी पोटात राहून महिनोन् महिने तांबे सोडत राहते. कमतरता सिद्ध झालेल्या आणि फवारणीच्या गवताशी संबंध नसलेल्या कळपात ती उपयोगी आहे. कुळागराचे गवत खाणाऱ्या रेड्याला ती घातली तर ती परत काढता येत नाही. जर्सी संकराच्या गायी असतील त्यांनी तर विशेष जपावे, कारण जर्सीच्या यकृतात होल्स्टीनपेक्षा तांबे अधिक साठते.

तुमचा प्रश्न, कमतरता कशी होईल. दोन शक्यता आहेत. एक तर ती नाहीच आणि केस तांबडे होण्याचे कारण कृमी, ऊन किंवा जात आहे. दुसरी अशी की फवारणीचे गवत वर्षातून काही आठवडेच पोटात जाते, बाकीचे दहा महिने पेंढा आणि लोहाचे पाणी चालू असते, आणि त्या काळात साठा उतरत जातो. डिचोलीकरांनी ‘गेल्या पावसाळ्यापासून’ असे लिहिले आहे, त्यामुळे फवारणीचा महिना आणि केस बदलल्याचा महिना यांची जुळणी करून पाहावी.

खरे उत्तर यकृताच्या नमुन्यातच मिळेल. रक्तातले तांबे यकृतातला साठा जवळजवळ संपेपर्यंत सामान्य दिसते आणि जास्त साठा असतानाही सामान्यच दिसते, म्हणून ‘रक्त ठीक आहे’ या एका ओळीवर विश्वास ठेवू नये. जस्तासाठी रक्त घेताना तर साध्या रबरी बुचाच्या नळीतूनही जस्त नमुन्यात उतरते. त्यासाठी वेगळ्या नळ्या असतात. मांसासाठी पाळलेल्या जनावरांचा येथे एक फायदा आहे. एखादा रेडा कत्तलीला जाईल तेव्हा त्याच्या यकृताचा अंगठ्याएवढा तुकडा स्वच्छ प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन गोठवून ठेवावा, वर तारीख आणि शेवटच्या फवारणीची तारीख लिहावी, आणि दवाखान्यातील डॉक्टरांमार्फत तपासणीला पाठवावा. जिवंत जनावराच्या यकृताचा नमुनाही घेता येतो, पण तो अनुभवी हाताचे काम आहे. चारा व पाण्याच्या तपासणीची विचारणा जुने गोवे येथील एला गावातल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत करावी.

डिचोलीकर

डॉक्टरसाहेब आणि सावईवेरेचे भाऊ, मनःपूर्वक आभार. रेडे मुऱ्हाच्या संकराचे आहेत, लहानपणापासून काळेच होते. कुळागरात फवारणी होते आणि गवत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कापले जाते. ते यापुढे थांबवतो. शेणाचा नमुना काल दिला. दवाखान्यात चपट्या कृमींची अंडी दोन रेड्यांच्या शेणात सापडली, औषध सुरू केले आहे. पाण्याचा नमुनाही पाठवला आहे. तोपर्यंत मिश्रण द्यावे की नाही, लाल विटेचे काय करावे आणि महाग चिलेटेड मिश्रण खरोखर उजवे असते का, एवढे सांगावे. आमच्याकडे मिठागराचे मीठ आहे, तेही जनावरांना घालतो.

धारबांदोड्याच्या गोठ्यातून

ताई म्हणून नमूद करते, गोठा मीच सांभाळते, म्हणून विटेबद्दल मी बोलते. विटेचा लाल रंग बहुधा लोहाच्या ऑक्साइडचा असतो. तो ओळखीसाठी आणि दिसण्यासाठी. ज्यांच्या पाण्यातच लोह आहे त्यांनी लाल वीट का घ्यावी? आणखी एक अडचण अशी की वीट चाटण्यावर आपला ताबा राहत नाही. आमच्याकडे एक म्हैस दिवसभर विटेला चिकटलेली असते आणि दुसरी तिच्याकडे पाहतही नाही. पावसाळ्यात तर हवेतल्या ओलीने विटेखाली पाण्याचे थारोळे होते, अर्धी वीट जमिनीवर वाहून जाते. मोजून पेंडीत कालवलेले मिश्रण कधीही बरे.

कालवण्याची रीत मात्र नीट ठेवावी. सात रेड्यांचे साडेतीनशे ग्रॅम मिश्रण एकदम सगळ्या पेंडीवर शिंपडले तर कोणाच्या वाट्याला दुप्पट येते आणि कोणाला काहीच नाही. मी आधी मिश्रण अर्धा किलो कोंड्यात हाताने चोळते, मग तो कोंडा दोन किलोंत, आणि मग सगळ्या पेंडीत मिसळते. पेंड किंचित ओली केली की भुकटी खाली बसत नाही. पाकीट एकदा फोडले की घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे, कारण आपल्या जून-जुलैत ते दोन आठवड्यांत दगड होते.

निवृत्त पशुवैद्य, फोंडा

ताईंनी विटेचे उत्तर दिलेच आहे, त्यात भर घालण्यासारखे काही नाही.

मिठागराचे मीठ जनावराला चांगलेच, फक्त त्यात आयोडीन घातलेले नसते. पण बाजारातले आयोडीनयुक्त मीठ घातले तरी फार फरक पडत नाही : घरापर्यंत पोचलेल्या अशा मिठात दहा लाखांत पंधरा भाग आयोडीन धरले, तर तीस ग्रॅम मिठातून अर्धा मिलिग्रॅमही येत नाही, आणि रेड्याची रोजची गरज तीन मिलिग्रॅम आहे. प्रमाणित मिश्रणात आयोडीन किमान ०.०२६ टक्का असते, म्हणजे पन्नास ग्रॅममध्ये १३ मिलिग्रॅम. ते पुरेसे आहे. ओलसर डब्यात आयोडीन उडून जाते, यासाठीही ताईंचे घट्ट झाकण महत्त्वाचे.

चिलेटेड म्हणजे खनिजाला अमिनो आम्लासारख्या पदार्थाशी बांधलेले. जेथे लोह, गंधक किंवा मॉलिब्डेनम यांचा अडथळा जोराचा आहे, तेथे आणि दूध तोडल्यावर किंवा लांबच्या प्रवासानंतर त्याचा उपयोग दिसतो. इतरत्र सल्फेटच्या तुलनेत फायदा प्रत्येक वेळी दिसतोच असे नाही. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरे वाचावीत. तांब्यासमोर ‘सल्फेट’ असेल तर ते साधे असले तरी लागू पडते. तांब्यासमोर ‘ऑक्साइड’ अशी भुकटी असेल तर टक्केवारी मोठी दिसते, पण जनावराच्या पदरात फार थोडे पडते. वर सांगितलेल्या काड्यांच्या गोळीची गोष्ट वेगळी, तिच्यातल्या काड्या चौथ्या पोटात अडकून हळूहळू विरघळतात. महाग मिश्रणावर एकूण किती खनिजे आहेत हे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते; आपल्याला मात्र दर किलोमागे तांबे आणि लोह किती मिलिग्रॅम आहे, एवढेच हवे आहे. लोह जितके कमी तितके आपल्यासाठी चांगले.

तूर्त असे करावे. कृमींचा औषधोपचार पूर्ण करावा. साधे मिश्रण पन्नास ग्रॅमऐवजी पंचवीस ग्रॅम द्यावे. त्यातून २०० मिलिग्रॅम जस्त मिळते, म्हणजे गरज भागते, आणि तांबे फक्त २५ मिलिग्रॅम वाढते. फवारणीनंतर चांगले दोन-तीन पाऊस होईपर्यंत कुळागराचे गवत देऊ नये. ते कुजवून खत करावे. पिण्याचे पाणी उंच टाकीतून पत्र्यावर पडू देऊन एक रात्र स्थिर ठेवावे आणि वरचे पाणी नळीने काढून द्यावे, म्हणजे लोहाचा बराच भाग गाळासोबत खाली राहतो. गाळ दर आठवड्याला काढावा, नाहीतर ढवळला गेला की तोच पुन्हा पोटात जातो. नेपियर कापताना विळा जमिनीपासून चार बोटे वर धरावा. माती कमी येते. सेलेनियमची वेगळी भुकटी किंवा इंजेक्शन कोणी सुचवले तर थांबावे, कारण त्याची गरज आणि विषबाधा यांतले अंतर फार थोडे आहे आणि अमेरिकेतही मांसाच्या जनावरांसाठी दिवसाला डोक्यामागे ३ मिलिग्रॅमची मर्यादा घातलेली आहे.

केसांचा रंग पाहायचा तर जुन्या केसांकडे पाहू नये, ते तांबडेच राहतील. पाठीवर तळहाताएवढी जागा कात्रीने बारीक कापून ठेवावी आणि तेथे नवे केस कोणत्या रंगाचे येतात ते पाहावे. पाण्याचा निकाल आला की आकडा येथे लिहा, मग पंचवीस ग्रॅमच ठेवायचे की पुन्हा पन्नासवर जायचे ते ठरवू.

डिचोलीकर

तसे करतो. फोंड्याला आमचा एक रेडा पुढच्या महिन्यात जाणार आहे. यकृताचा तुकडा घ्यायला घरातल्या कोणाला तरी सोबत पाठवीन. पाण्याचा अहवाल मिळताच लोहाचा आकडा येथे देतो.